ज्यांना ठाऊक नाही

प्रभुभोजनाचं ताट बन्सीलालांच्या हातात आलं आणि भाकरीचा तुकडा न घेताच त्यांनी ते शेजारच्याकडे दिलं, हे मालतीबाईंनी बायकांच्या बाजूने पाहिलं.

आधी त्यांना वाटलं, आपल्याच डोळ्यांना नीट दिसलं नसेल. त्यांनी चष्मा पदराला पुसून पुन्हा लावला. तोवर द्राक्षरसाचा ट्रे फिरू लागला होता. तोही बन्सीलालांपाशी आला आणि तसाच पुढे गेला. सुरतेतल्या भेस्तानच्या या ख्रिस्ती मंडळीत बन्सीलाल पगारे तीस वर्षं पंच होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट घेऊन रांगांमधून फिरणारे तेच. आज सकाळी मात्र गुडघे दुखतात म्हणून त्यांनी ते काम दुसऱ्यावर सोपवलं होतं, आणि नवऱ्याचे गुडघे दुखतात हे मालतीबाईंना चर्चमध्ये आल्यावर कळलं होतं.

त्यातही आजचा दिवस. नात तारा हिचं आज दृढीकरण झालं होतं. सोळा वर्षांची पोर पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन पहिल्यांदाच प्रभुभोजनाला बसली होती. तुकडा तोंडात टाकल्यावर तिने मान वळवून हसत आजोबांकडे पाहिलं. आजोबांचे डोळे मिटलेले होते. प्रार्थनेला मिटतात तसे नव्हेत. इंजेक्शनची सुई टोचणार असताना माणूस मिटतो तसे.

उपासना सुटल्यावर दारात दोघा-तिघांनी विचारलंच, "मास्तर, तब्येत बरी नाही का?" पाळकसाहेबांनी काही विचारलं नाही. त्यांनी बन्सीलालांचा हात दोन्ही हातांत धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "दुपारी येऊन जाऊ का?"

"आज नको, साहेब," बन्सीलाल म्हणाले. "आज घरी बोलायचंय."

मालतीबाईंनी ते ऐकलं. रिक्षा अर्ध्या रस्त्यात येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाल्या, "शरीराचं दुखणं आहे की दुसरं काही?"

"दुसरं."

"माझ्याशी आहे?"

बन्सीलाल बाहेर बघत राहिले. "तुझ्याशी पण आहे," ते म्हणाले.

*

ताटाचं मुलाच्या, वाल्मिकच्याही लक्षात आलं होतं आणि त्याला त्याचा राग आला होता. मुलीच्या दिवशी बाबांनी असं करायला नको होतं. मंडळीतल्या लोकांना पाच वाजता चहा-केकला बोलावलेलं. आता येणारा प्रत्येक जण आडून आडून तेच विचारणार.

जेवायला घरचेच होते. त्याच्या बायकोने, योगिताने, सकाळी पाचला उठून मटण आणि पुलाव केला होता. बाबांनी पुलाव वाढून घेतला आणि चमच्याने नुसता इकडून तिकडे केला. शेवटी ताराच बोलली.

"आजोबा, तुम्ही का नाही घेतलं?"

"तारा," योगिता म्हणाली.

"विचारू दे तिला," बन्सीलाल म्हणाले. त्यांनी चमचा खाली ठेवला. "हात पुढे होईना, बेटा. शुक्रवारपासून होत नाहीये."

शुक्रवार म्हटल्यावर वाल्मिकचा घास तोंडातच राहिला. शुक्रवारी तो बाबांशी बोलला होता. सुरतजवळच्या सचिन भागातल्या ज्या कापड मिलमध्ये तो रंगाई खात्याचा, डाइंग मास्तर होता, तिथे मंगळवारी धर्मेंद्र नावाच्या कारीगराचा हात कोपरापर्यंत भाजला होता. कापड रंगवायच्या जेट मशीनचं झाकण दाब उतरायच्या आत उघडलं गेलं आणि उकळतं पाणी अंगावर आलं. मशीनचा दाबाचा काटा आठवडाभर अडकत होता. वाल्मिकला ते माहीत होतं. तरी "अजून तीन लॉट काढून घे, मग दुरुस्तीवाल्याला बोलावतो," असं त्यानेच धर्मेंद्रला सांगितलं होतं. मॅनेजरने आता एक कागद तयार केला होता: कारीगराने स्वतःच्या मर्जीने झाकण उघडलं. सोमवारी त्यावर वाल्मिकची सही हवी होती. ओट्यावर बाबांशेजारी बसून त्याने हे सगळं सांगितलं होतं, आणि शेवटी म्हणाला होता, "सही करू ना? तुमच्या मिलमधल्या अपघाताच्या वेळी तुम्ही जसं निभावून नेलंत, तसंच नेतो."

त्यावर बाबा उठून आत गेले होते.

"मालती," बन्सीलाल म्हणाले. ते बायकोला चारचौघांत नावाने कधी हाक मारत नसत. "गोपालला जे झालं, त्या दिवसाबद्दल मी खोटं बोललो होतो."

मालतीबाईंनी पाण्याचा तांब्या हातात धरला होता, तो तसाच राहिला.

ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, तारालासुद्धा. बावीस वर्षांपूर्वी बन्सीलाल पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये मास्तर होते. त्यांनी मालतीबाईंच्या धाकट्या भावाला, शालिग्रामला, धुळ्याकडच्या गावाहून आणून तिथेच चिकटवलं होतं. एका संध्याकाळी मशीनमागून कुणीतरी "उघड रे" असं ओरडलं, गोपाल नावाच्या कारीगराने झाकण उघडलं, आणि त्याची मान, खांदा, उजवा हात होरपळून निघाला. मशीनच्या आवाजात कोण ओरडलं ते त्याला कळलं नाही. मशीनमागे दोघंच होते, बन्सीलाल आणि शालिग्राम. चौकशीत बन्सीलालांनी सांगितलं, शालिग्राम ओरडला. शालिग्राम नाही म्हणत राहिला. सेठचा मास्तरवर विश्वास होता आणि मंडळीचा पंचावर. शालिग्रामला काढून टाकलं. तो बायकोला घेऊन बारडोलीला गेला, आणि या घरात त्याचं नाव घेणं बंद झालं.

"ओरडलो मी," बन्सीलाल म्हणाले. "शालिग्राम उलट मला थांबवत होता. 'दाजी, काटा खाली आला नाही अजून,' असं दोनदा म्हणाला. मी ऐकलं. पाळी संपायला वीस मिनिटं होती, लॉट उतरवायचा होता. मी ओरडलो."

मालतीबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"तुम्ही मला शपथेवर सांगितलं होतं," मालतीबाई म्हणाल्या. "बायबलवर हात ठेवून."

"हो."

"मी विचारलं होतं. एकदाच विचारलं होतं."

"हो."

वाल्मिकने ताट पुढे सारलं. "बाबा, ती मिल बंद पडून आठ वर्षं झाली. सेठ वारले. कोणी विचारायला आलं नाही तुम्हाला. आजच काय अडलं होतं? पाच वाजता माणसं येणार आहेत घरात."

"तू विचारलंस ना शुक्रवारी."

"मी सहीचं विचारलं होतं!"

"तेच." बन्सीलालांनी मान वर केली नाही. "मी काय वाईट केलं ते मला ठाऊक होतं, वाल्मिक. रोज प्रार्थनेला बसलो की म्हणायचो, प्रभू, क्षमा कर. बावीस वर्षं म्हणत आलो. तेवढं म्हटलं की उठून चहा प्यायचा. पण परवा तू म्हणालास, तसंच निभावतो. त्या रात्रीच्या प्रार्थनेत ते शब्द तोंडातून निघेनात. मलाच उलट विचारल्यासारखं वाटलं: माझ्याकडे कशाला येतोस? शालिग्रामकडे गेलास का?"

"आणि मी काय करायचं उद्या?" वाल्मिकचा आवाज चढला. "तेही सांगून टाका. सही करू का नको?"

"ते सांगायचा अधिकार मला राहिला नाही."

वाल्मिक ताटावरून उठला. त्याला वाटत होतं की बाबांनी रागवावं, 'करू नकोस' असं दरडावून सांगावं, म्हणजे उलट भांडता येईल. बाबा नुसते बसून राहिले, आणि त्यामुळे तो कागद वाल्मिकच्या एकट्याच्या अंगावर आला.

*

स्वयंपाकघरात सासूबाई कुकर घासत होत्या. स्वच्छ झालेला कुकर त्या पुन्हा पुन्हा घासत होत्या, आणि योगिता बाजूला उभी राहून ताटं पुसत होती.

बाबांबद्दल योगिताला काय वाटत होतं ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. लग्न होऊन आली तेव्हापासून या माणसाने तिला मुलीसारखं वागवलं होतं. ताराच्या वेळी ती आजारी पडली तेव्हा तिचे कपडेसुद्धा त्यांनी धुतले होते. तोच माणूस आणि हाच माणूस, दोन्ही एकाच खुर्चीत बसलेले. आणि त्याच्या मागे एक भीती होती, जिची तिला लाज वाटत होती. वाल्मिकने सही केली नाही तर? ताराची बारावी तोंडावर होती. मास्तरकी सोपी मिळाली नव्हती त्याला.

"आई गेली ना माझी," मालतीबाई एकदम म्हणाल्या, "तेव्हा मी मातीला गेले होते गावी. तू नव्हतीस तेव्हा घरात."

"हो, आई."

"उन्हाचे दिवस. माती देऊन आलो आणि मी ओसरीवर बसले. शालिग्राम पाण्याचा पेला घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. मला तहान लागली होती गं. जीभ टाळ्याला चिकटली होती. मी तोंड फिरवलं. सगळ्या भावकीसमोर. तो किती वेळ उभा होता कोण जाणे. मग पेला खाली ठेवून गेला." त्यांनी नळ बंद केला. "आईच्या दिवशी. आणि मला वाटत होतं की मी न्यायाने वागतेय."

योगिताने त्यांच्या हातातून घासणी काढून घेतली.

"यांना मी माफ करायचं का?" मालतीबाईंनी विचारलं. "करायला पाहिजे, ते मला माहितीय. शाळेतल्या पोरीला विचारलं तरी तेच सांगेल. मी तुला विचारतेय."

"मला नाही माहीत, आई," योगिता म्हणाली. "आज तरी नका करू. घाईने केलेलं राहत नाही."

मालतीबाईंनी तिच्याकडे नव्याने पाहिल्यासारखं पाहिलं. सतरा वर्षांत सुनेने त्यांना दिलेला हा पहिला सल्ला असावा.

त्या पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत गेल्या. बन्सीलाल तिथेच बसले होते, समोर ताट तसंच.

"उद्या जाताय ना बारडोलीला?"

"सकाळच्या एसटीने."

"मी येणार. तुम्ही एकटे जायचं नाही. तुम्हाला चांगलं बोलता येतं. चार शब्द रडून बोलाल आणि मोकळे व्हाल. माझ्यासमोर बोलायचं."

"बरं."

"आणि पाच वाजता तोंड धुऊन बसा. पोरीचा दिवस आहे. केक कापायचाय."

*

उधन्याहून एसटीत बसल्यावर मालतीबाईंनी खिडकीची जागा घेतली आणि पिशवी दोघांच्या मधे ठेवली. कडोदरा मागे पडलं, उसाचे पट्टे सुरू झाले.

बन्सीलालांना पाळकसाहेबांचा एक जुना उपदेश आठवत होता. आपल्याला टोचतं ते पवित्र आत्म्याचं टोचणं आहे की नुसती मनाची भीती, हे ओळखायचं कसं, असं कुणीतरी विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, भीती अख्ख्या माणसालाच वाईट म्हणते, तिला उत्तर देता येत नाही. आत्मा एकाच जागेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, हे. त्यांनी तेव्हा मान डोलावली होती. पहिल्या बाकावर बसून, सगळ्यांना दिसेल अशी.

शालिग्रामची शेड रस्त्यालगतच सापडली. उसाच्या गाड्या, ट्रेलर दुरुस्त करायचं काम होतं. तो वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवून एका मोडक्या आसापाशी उकिडवा बसला होता. केस पार पांढरे झालेले. बन्सीलालांना क्षणभर वाटलं की हे त्याचे वडीलच आहेत.

त्याने आधी बहिणीला पाहिलं. तो उभा राहिला, हात पँटला पुसले, पण पुढे झाला नाही.

"आक्का," तो म्हणाला. "कितला वरीस व्हई ग्यात." मग आत वळून हाक मारली, "पार्वती, आक्का आलीय."

पार्वती दारात आली. तिने नणंदेला बसायला खाट टाकली. बन्सीलालांसाठी खुर्ची आणली नाही, आणि तसं करताना ती त्यांच्याकडे सरळ बघत होती.

बन्सीलाल उभेच राहिले. रात्रभर त्यांनी मनात शब्द जुळवले होते. बायको समोर बसलेली होती, आणि त्या जुळवलेल्या शब्दांतला एकही कामाचा वाटेना.

"शालिग्राम, त्या दिवशी मी ओरडलो होतो," ते म्हणाले. "तू मला थांबवलं होतंस. मी तुझं नाव सांगितलं. नोकरी जाईल म्हणून सांगितलं. नंतर खरं सांगायला पुष्कळ दिवस होते, तेव्हाही सांगितलं नाही. तुझी बहीण तोडली. मी क्षमा मागायला आलोय."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत शालिग्राम थांबला.

"दाजी, तुम्ही आलात ते बरं केलंत," तो म्हणाला. "पण मला हे ठाऊकच होतं."

बन्सीलालांनी मान वर केली.

"अख्ख्या सुरतेत हे ठाऊक असलेला मी एकटा माणूस. तुम्ही ते मलाच सांगायला आलात." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कामातली चूक दाखवावी तसा तो बोलत होता. "ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगितलं का? गोपालला सांगितलं? मी त्याला बघायला दवाखान्यात गेलो होतो. पट्ट्या बांधलेल्या, तोंड सुजलेलं. मला पाहून तो ओरडायला लागला, याला बाहेर काढा. नर्सने मला दंडाला धरून बाहेर काढलं. तो अजून तसंच समजत असेल ना? मंडळी तसंच समजत असेल?"

"हो."

"मग माझी क्षमा घेऊन तुम्ही काय करणार? मी ती केव्हाच दिलीय. इथे पहिली दोन वर्षं मी चर्चला जात नव्हतो. पार्वती जायची, मी दाराबाहेर सायकल धरून उभा राहायचो. मग एकदा पाऊस आला म्हणून आत गेलो. तिथे सुटलं ते माझं. ते तुमच्यासाठी नव्हतं केलं, मला जड होत होतं म्हणून केलं." त्याने कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. "माझ्याकडून तुम्ही मोकळे आहात, दाजी. पण माझं नाव अजून तिकडे अडकलंय. ते सोडवून द्या."

मालतीबाई इतका वेळ खाटेवर ताठ बसल्या होत्या. आता त्या उठल्या, भावापाशी गेल्या आणि त्याचा काळा, भाजल्याचे डाग पडलेला हात हातात घेऊन तो बघत राहिल्या.

"मी पाणी घेतलं नाही रे तुझ्या हातचं," त्या अखेर म्हणाल्या.

"राहू दे."

"आईच्या दिवशी."

"राहू दे, आक्का. बठ ना. बठ आधी."

त्या बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या. पार्वतीने येऊन त्यांचं डोकं पोटाशी धरलं, आणि तिच्याही डोळ्यांना धार लागली. बन्सीलाल शेडच्या कडेला उभे होते. तिथे त्यांना जागा नव्हती, आणि नसावी हे बरोबरच होतं.

दुपारी परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा मालतीबाई म्हणाल्या, "मी राहते इथे काही दिवस."

"किती दिवस?"

"ते मी सांगेन." मग जरा वेळाने, पूर्वीच्याच सवयीने, "रक्तदाबाची गोळी डब्यात वरच्या कप्प्यात आहे. योगिताला विचारा."

*

त्याच सोमवारी वाल्मिकने कागदावर सही केली नाही. मॅनेजरने पेन पुढे केलं तेव्हा त्याने कोरा कागद मागितला. त्यावर त्याने लिहिलं की काटा अडकत होता, हे मला आठवडाभर ठाऊक होतं आणि मशीन चालू ठेवायला मीच सांगितलं. खाली सही केली, तारीख घातली. मॅनेजर पहिल्यांदा समजावत होता, मग ओरडू लागला. संध्याकाळपर्यंत सेठचा निरोप आला: उद्यापासून घड्या घालायला, फोल्डिंगला बस, डाइंगमध्ये पाय ठेवायचा नाही. पुढचं पुढे बघू.

घरी येऊन त्याने हे योगिताला सांगितलं. आपण फार मोठं काही केलं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. येताना तो धर्मेंद्रच्या खोलीवर जाऊन आला होता. धर्मेंद्रने त्याला बसायला गादी दिली आणि विचारलं, "साहब, अब आपका क्या होगा?" ते त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं.

योगिता पलंगाच्या कडेवर बसली. "मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "खरं सांगते. मी काल रात्री प्रार्थना केली की तू सही करावीस."

"मग?"

"मग आमेन म्हणता येईना." ती कोरडं हसली. "ताराचं बघू. शिवणाचं मशीन काढते माळ्यावरून."

मंगळवारी दुपारी बन्सीलाल गोपालकडे निघाले. वाल्मिक म्हणाला, "मी येतो." बाबांनी नको म्हटलं नाही. मोटरसायकलवर मागे बसल्यावर त्यांनी वाल्मिकच्या खांद्यावर हात ठेवला. बऱ्याच वर्षांनी.

गोपालचं भेस्तान स्टेशनच्या अलीकडे दूध-ब्रेडचं लहानसं दुकान होतं. उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नसत, म्हणून पिशव्या तो डाव्या हाताने द्यायचा. मानेवरची कातडी ओढल्यासारखी झालेली. त्याने मास्तरांना पाहिलं आणि आनंदाने स्टूल पुढे केलं. दर नाताळला बन्सीलाल त्याच्याकडे केक आणि करंज्या घेऊन येत आले होते.

"बसत नाही, गोपाल. आधी ऐक."

त्यांनी बारडोलीत सांगितलं होतं तेच सांगितलं. या वेळी आणखी थोडक्यात. वाल्मिक त्यांच्या मागे उभा होता.

गोपाल ऐकत राहिला. एक बाई दही मागायला आली, तिला त्याने दही दिलं, सुट्टे परत दिले. ती गेल्यावर तो स्टुलावर स्वतःच बसला.

"मास्तर, शालिग्राम दवाखान्यात आला होता," तो म्हणाला. "मी त्याला हाकलून दिलं."

"सांगितलं त्याने मला."

"तो रडत होता. मला वाटलं, पाप केलंय म्हणून रडतोय."

बन्सीलालांनी हात जोडले. "गोपाल, मला क्षमा—"

"नाही." गोपालने न मिटणारा तो हात वर केला. "आत्ता मागू नका. मागितली तर मला द्यावी लागेल. तुम्ही वडीलधारे, माझ्या पोरांच्या बारशाला येऊन प्रार्थना केलेली माणसं, मला नाही म्हणता येणार नाही. बावीस वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावलो. आता मला थोडे दिवस बरोबर माणसावर रागावू द्या."

बन्सीलालांनी जोडलेले हात खाली घेतले. "बरं," ते म्हणाले. "मी थांबतो."

"येत्या रविवारी चर्चमध्ये सांगणार हे?"

"सांगणार. पंचपणाचा राजीनामा कालच पाळकसाहेबांकडे दिला. उभं राहून बोलू द्या एवढंच मागितलंय."

"मी येईन ऐकायला," गोपाल म्हणाला. त्याने गल्ल्यावरचा मोबाईल उचलला आणि वाल्मिकपुढे धरला. "शालिग्रामचा नंबर आहे का? लावून दे. मला बारीक आकडे दिसत नाहीत."

बाबांनी खिशातून काढलेल्या चिठ्ठीवरचा नंबर वाल्मिकने लावून फोन परत दिला. गोपालने तो कानाला धरला आणि दुसऱ्या हाताने बापलेकांना बाहेर जायची खूण केली. दोघं पायरी उतरून रस्त्यावर आले. मागे त्याने शटर निम्म्यापर्यंत खाली ओढलं.

आतून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधेच तो बराच वेळ गप्प झाला, मग पुन्हा बोलू लागला. वाल्मिकने बाबांकडे पाहिलं. जायचं का, असं विचारावं असं त्याला वाटलं, पण बाबा मोटरसायकलला टेकून उभे होते आणि जायची घाई त्यांना दिसत नव्हती. समोर भर दुपारची रिक्षांची वर्दळ चालली होती. बन्सीलाल तिथे उघड्यावर, ऊन डोक्यावर घेत, दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघत राहिले.